जुन्या कॉम्प्युटरसाठी हलकं लिनक्स: कोणतं टाकावं आणि का

"सगळ्यात हलकं जे असेल ते टाकून द्या." जुना लॅपटॉप टेबलावर ठेवताना बहुतेक ग्राहक हेच म्हणतात. टाकून देणं अवघड नाही. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचे वेगवेगळे तयार संच म्हणजे डिस्ट्रो मिळतात. टायनी कोअर नावाचं लिनक्स पंचवीस एमबीच्या आत मावतं आणि बघता बघता सुरू होतं. पण सुरू झाल्यावर समोर असतो रिकामा पडदा आणि तळाशी बोटांवर मोजण्याइतके आयकॉन. ब्राउझर, प्रिंटर, वाय-फाय, मराठी फाँट, सगळं एकेक करून तुम्हीच चढवायचं. ते चढवून मेल उघडली, शेजारी दोन टॅबमध्ये बातम्या उघडल्या, की मशीन पुन्हा पहिल्यासारखंच रडायला लागतं.

कारण मेमरी खाणारा खरा गडी ब्राउझर आहे. नुसतं सुरू करून ठेवलेलं अँटिएक्स तीनशे एमबीच्या आत भागवतं, लिनक्स मिंटला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते. हा फरक आकड्यात मोठा दिसतो. पण आजकालचं एखादं जड वेबपेज एकटंच तेवढी मेमरी गिळतं आणि ते मिंटमध्ये उघडा की अँटिएक्समध्ये, तेवढीच गिळतं. म्हणून रॅम अगदीच कमी असेल तरच "सगळ्यात हलकं" शोधण्यात अर्थ आहे. बाकी वेळी दोन गोष्टी बघाव्यात: रोज वापरायला सोपं आहे का, आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार.

आणखी एक. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तिच्याबरोबर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसरही लागतो. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत. त्यामुळे सहाव्या पिढीचा आय५ आणि ८ जीबी रॅम असलेली मशीनसुद्धा "जुनी झाली, काहीतरी हलकं टाका" म्हणून येतात. अशा मशीनला हलक्या लिनक्सची गरज नाही. त्यावर मिंटची नेहमीची सिनॅमन आवृत्ती आरामात चालते. हे पत्रक त्याहून जुन्या मशीनसाठी आहे.

आधी मशीन ओळखा

विंडोज अजून सुरू होत असेल तर सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट असं जा. तिथे रॅम दिसेल आणि सिस्टिम टाइप नावाची ओळ दिसेल. ती ओळ नीट वाचा. "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर" असं लिहिलेलं असेल तर प्रोसेसर ६४-बिटच आहे, फक्त त्यावर विंडोज ३२-बिट टाकलेलं होतं. असे बरेच जण उगाच ३२-बिट लिनक्स शोधत बसतात. अगदी जुन्या लॅपटॉपवरच्या स्टिकरवर भिस्त ठेवणार असाल तर एका आकड्याकडे लक्ष द्या: कोअर ड्युओ ३२-बिट आहे, कोअर २ ड्युओ ६४-बिट. दोन्ही २००६ सालचेच. छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७० पण ३२-बिटच.

हा फरक आता फार महत्त्वाचा झाला आहे. उबंटू या डिस्ट्रोने ३२-बिटच्या इन्स्टॉल डिस्क काढणं कधीच थांबवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) देणं बंद केलं. क्रोम ३२-बिट लिनक्सवर २०१६ पासून मिळत नाही आणि फायरफॉक्सची १४४ ही तिथली शेवटची नेहमीची आवृत्ती. थोडक्यात, मशीन खरोखर ३२-बिट असेल तर डेबियन १२ वर उभी असलेली डिस्ट्रो हीच जवळजवळ शेवटची गाडी, आणि डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत. त्यात अँटिएक्स २३ आहे, एमएक्स २३ आहे, क्यू४ओएसची ट्रिनिटी आवृत्ती आहे. टायपिंग, गाणी, जुने फोटो बघणं, मुलांना कीबोर्ड शिकवणं यासाठी खुशाल वापरा. बँकेचे व्यवहार अशा मशीनवर करू नका, असंच आम्ही सांगतो, कारण ब्राउझर जुना पडला की बाकी सिस्टिम कितीही ताजी असून उपयोग नाही.

रॅम आणि डिस्क

फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) बसवली, तर कुठलीही डिस्ट्रो बदलून पडणार नाही एवढा फरक पडतो. मशीन स्लो आहे अशी तक्रार असते तेव्हा बरेचदा प्रोसेसर मोकळाच असतो आणि डिस्क शंभर टक्के अडकलेली असते. हार्ड डिस्कमध्ये तबकडीवर वाचणारं टोक जागा बदलत फिरतं, छोट्या छोट्या हजारो फाइल वाचायच्या म्हणजे त्याची धावपळ होते, आणि सिस्टिम सुरू होताना नेमकं तेच घडतं. साटा जोडणी असलेल्या बहुतेक लॅपटॉपना साधी अडीच इंची एसएसडी बसते. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर यावर करा. रॅम वाढवणं त्यानंतर. आणि वाढवायची ठरवलीत तर आधी बोर्ड किती रॅम घेतो ते बघा. एन२७० वाल्या नेटबुकमध्ये २ जीबीच्या पुढे जाताच येत नाही.

आमची निवड

रॅम ४ जीबी किंवा जास्त आणि प्रोसेसर ६४-बिट असेल तर आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकतो. दुसरं काही हवं असं तुम्ही मुद्दाम सांगितलं तरच बदलतो. एक्सएफसीई हा डेस्कटॉप दिसायला साधा आहे: खाली पट्टा, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. मिंटची २२ मालिका उबंटू २४.०४ वर बेतलेली आहे आणि तिची अपडेट २०२९ पर्यंत आहेत. लुबंटू आणि झुबंटूही त्याच पायावर उभ्या आहेत, पण त्यांना तीनच वर्षं मिळतात, म्हणजे २४.०४ साठी एप्रिल २०२७ पर्यंत. जुनं मशीन एकदा नीट लावून दिलं की त्याला वारंवार हात लावायला नको, म्हणून हा मुद्दा आम्ही मोठा मानतो.

दुसरं कारण जरा तांत्रिक आहे, पण रोज जाणवतं. उबंटू आणि तिच्या भावंडांमध्ये फायरफॉक्स स्नॅप नावाच्या बंद पुडक्यातून येतो. हार्ड डिस्कवाल्या मशीनवर ते पहिल्यांदा उघडताना डोळ्यांवर येईल इतका वेळ जातो. तुम्ही आयकॉनवर क्लिक करता, काहीच होत नाही, पुन्हा क्लिक करता, आणि मग एकदम दोन खिडक्या उघडतात. मिंटने २०२० पासून स्नॅप बंद ठेवलंय आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये दिलाय.

रॅम २ जीबी असेल तर एमएक्स लिनक्स किंवा लुबंटू. आमचा कल एमएक्सकडे. डेबियनच्या पायावर असल्यामुळे ती फारशी बदलत नाही, अँटिएक्स आणि जुन्या मेपिस डिस्ट्रोच्या मंडळींनी मिळून उभी केलेली आहे आणि तिच्याबरोबर येणारी छोटी छोटी साधनं खरंच कामाची आहेत. त्यातल्या स्नॅपशॉट साधनाने तुमच्या चालू सिस्टिमचीच इन्स्टॉल करता येणारी प्रत बनवता येते. लुबंटूचा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप चपळ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. अडतं ते वर सांगितलेल्या स्नॅपपाशी. २ जीबीवाल्या प्रत्येक मशीनवर आम्ही झेडरॅम चालू करून देतो. यात रॅममधलाच काही भाग दाबून साठवला जातो आणि डिस्कवर लिहिण्याची वेळ उशिरा येते. ब्राउझरमध्ये तीन-चार टॅब उघडे ठेवणाऱ्याला ते पुरतं. वीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर कुठलीच डिस्ट्रो तुम्हाला वाचवणार नाही!

१ जीबी किंवा कमी असेल तर अँटिएक्स. ती आइसडब्ल्यूएम नावाच्या साध्या विंडो मॅनेजरवर चालते, सिस्टिमडी (बहुतेक लिनक्समध्ये बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरत नाही आणि ५१२ एमबीच्या मशीनवरही उभी राहते. मात्र तिचे मेन्यू लांबलचक आहेत आणि तेच काम करणारी दोन-तीन साधनं शेजारी शेजारी दिसतात. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी टाकायची असेल तर आम्हाला आधी सांगा, म्हणजे मेन्यू छाटून लागतील तेवढेच आयकॉन समोर ठेवता येतील.

पपी लिनक्सबद्दल नेहमी विचारणा होते. २००३ पासून चालत आलेली ही मंडळी सगळी सिस्टिम रॅममध्ये उचलून घेतात, त्यामुळे पेनड्राइव्हवरूनही ती भराभर चालते. बिघडलेल्या विंडोजमधून फोटो आणि फाइल बाहेर काढायला आम्ही स्वतः तीच वापरतो. रोजच्या वापरासाठी मात्र देत नाही, कारण त्यात तुम्ही सतत रूट म्हणजे सर्वाधिकारी म्हणून काम करत असता.

टाकण्याआधी चालवून बघा

यातली जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालते, डिस्कला हात न लावता. अर्धा तास द्या. वाय-फाय जोडा, आवाज ऐका, कॅमेरा उघडा, उजेड कमी-जास्त करायची बटणं दाबून बघा. आणि झाकण बंद करून पुन्हा उघडा. जुन्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, पडदा काळाच राहतो. वाय-फाय दिसत नसेल तर घाबरू नका. बरेचदा ब्रॉडकॉमची चिप निघते आणि तिला वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. तेवढ्यापुरतं इंटरनेट फोनवरून यूएसबी केबलने देता येतं. लाइव्ह चालताना वेग कमी वाटला तर त्यावरून मत बनवू नका, पेनड्राइव्ह हळूच असतो.

सुरक्षित वेबसाइट एकही उघडत नसेल तर आधी घड्याळ बघा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर सगळी प्रमाणपत्रं नाकारतो. सेल बदलला की प्रश्न मिटतो. यात लिनक्सचा काही दोष नाही.

आधीच सांगितलेलं बरं

यूट्यूबवर व्हिडिओ अडखळतील. हल्लीचे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या प्रकारांत येतात, ते जुन्या ग्राफिक्स चिपला उलगडता येत नाहीत आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. दर्जा ४८०पी वर ठेवा, किंवा एच.२६४ या जुन्या प्रकारातच व्हिडिओ मागणारं एक्स्टेन्शन आम्ही ब्राउझरमध्ये बसवून देतो.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडतात. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलेडिया असे त्याच मापाचे फाँट असल्याने पानं सहसा हलत नाहीत. मॅक्रो भरलेल्या एक्सेलची खात्री देता येत नाही. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टाइप करायची सोय, दोन्ही लावून मिळतील. युनिकोडपूर्व फाँटमधल्या जुन्या फाइल असतील तर तो फाँटसुद्धा जपून ठेवा, नाहीतर मजकूर निरर्थक अक्षरांसारखा दिसेल.

फक्त विंडोजवर चालणारं एखादं सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं असेल तर वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) चालेल या आशेवर राहू नका. आधी त्याचं नाव सांगा, आम्ही चालवून बघतो. नाही चाललं तर विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर ठेवता येतात. मात्र मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं लागतं. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंदच होत नाही, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

मशीन देताना

बॅकअप तुमच्याकडे असू द्या, तोही वेगळ्या डिस्कवर. डिस्क पुसून इन्स्टॉल केल्यावर जुनं परत मिळेल असं धरून चालू नका. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क लोक हमखास विसरतात, ते आधी काढून घ्या. चार्जर बरोबर आणा. बायोसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड असेल तर तो कागदावर लिहून द्या, त्याशिवाय पेनड्राइव्हवरून बूट करणंच अडतं. प्रिंटर वापरत असाल तर त्याचं पूर्ण मॉडेल नाव हवं, कारण काही लेझर प्रिंटरना लिनक्समध्ये ड्रायव्हरच नसतो आणि ते तुम्हाला आधी कळलेलं बरं. लॅपटॉपचा तळ फुगलेला किंवा टचपॅड वर आलेला वाटत असेल तर तो चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. तसाच बंद ठेवून आणा.