बूट काढायचे की घालायचे

नागपूरजवळच्या खापरीकडून मिहानच्या, म्हणजे तिथल्या आयटी-उद्योग वसाहतीच्या, फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भरतीच्या दिवशी सकाळी थोडा वेळ थांबून बघा. दुचाकीवरून दोन पोट्टे उतरतात. तोंडाला गुंडाळलेले दुपट्टे सुटतात. मागचा डिकीतून प्लास्टिकची थैली काढतो, त्यात काळे बूट असतात. पुढचा एका पायावर तोल सांभाळत चप्पल काढतो, मोजे चढवतो, बूट घालतो, आणि मग त्याच दुपट्ट्याच्या टोकाने त्यांच्यावरची धूळ पुसतो.

नोकरीच्या दारात पायातलं बदलण्याची ही रीत नागपुरात जुनी आहे. फक्त पूर्वी ती उलटी होती.

तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. याच डलहौसीच्या काळात जोड्यांचा नियमही कडक झाला. सरकारी जागेत शिरताना हिंदी माणसाने जोडे बाहेर काढायचे. सूट कोणाला, तर ज्याने युरोपीय पोशाख आणि बूट घातलेत त्याला. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीतले असेसर (न्यायाधीशाचे सल्लागार) माणकजी कावसजी एंटी यांनी न्यायाधीशांसमोर जोडे काढायला साफ नकार दिला, तेव्हा केवढा गहजब झाला. सुरत लांब असली तरी नियम इथेही तोच. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि कचेऱ्या वाढल्या तशी कारकुनीसाठी रांगही वाढली.

आता त्या उमेदवाराच्या जागी उभे राहा. मुलाखत म्हणजे तेव्हा साहेबाची भेट, तीही कोणाच्या तरी शिफारसपत्रावर. देशी जोडे घालून गेलात तर साहेबासमोर अनवाणी. बूट-मोजे घातलेत तर ताठ उभे राहता येतं, पण घरी आजी विचारणार, की बाटलास का? लोकांनी यातून जो मार्ग काढला तो जुन्या ग्रुप फोटोंत दिसतो: डोक्यावर पगडी किंवा टोपी, अंगात काळा कोट, खाली धोतर आणि धोतराखाली चक्क बूट. आपल्याला तो अवतार गमतीदार वाटतो. मला मात्र त्यात मोठा हिशेबीपणा दिसतो. साहेबाची नजर जिथे जाते तेवढंच बदललं, बाकीचं घरच्यांसाठी ठेवलं. गळ्यातल्या टायला ‘कंठलंगोट’ म्हणून चिडवणारी भाषा आपलीच, आणि ती बांधणारेही आपणच.

त्या धोतराबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण नागपूर हे कापडाचंच गाव. इथल्या कोष्ट्यांनी विणलेली रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी लांबवर जात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. गिरणीच्या कापडाने काठ स्वस्त केला. पण काठ नेसायची मुभा सगळ्यांना होती कुठे? १९२८ च्या जानेवारीत बातमी छापून आली, की इंदूर भागातल्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बलाई समाजावर अटी लादल्या आहेत: जरीकाठी पागोटं बांधायचं नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. ‘साधे कपडे घालून जा, उगाच नजरेत भरू नकोस’ असा सल्ला आपण आज मुलांना सहज देतो. तोच सल्ला काठीच्या जोरावर दिला जायचा, त्याला फार वर्षं झालेली नाहीत.

अशा बंधनांमुळेच, त्या बातमीच्या आदल्याच महिन्यात, १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब महाडला स्त्रियांशी बोलले, तेव्हा नेसण्याच्या पद्धतीवर बोलले. जातीची खूण पटवणारं नेसणं आणि दागिने टाका, स्वच्छ राहा, असं त्यांचं सांगणं होतं. ते स्वतः कोट-टायमध्ये वावरले, त्यावर टीका करणाऱ्यांना हा संदर्भ बहुधा माहीत नसतो. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कोट जपून ठेवले आहेत. ते बघायला येणाऱ्यांत नुकतीच नोकरी लागलेली मुलंही असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले ते पांढऱ्या कपड्यांत. ज्यांचे कपडे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवले, त्यांनी त्या दिवशी काय घालायचं ते स्वतः ठरवलं होतं.

त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांच्या पुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली. फायली गेल्या, हुद्दे गेले, पण सरकारी नोकरीची ओढ आणि तिचा पोशाख इथेच राहिला. साठ-सत्तरच्या दशकात टेरिलिन, टेरिकॉट आलं. इस्त्री मोडत नाही म्हणून इंटरव्ह्यूला उत्तम, आणि घाम शोषत नाही म्हणून नागपूरच्या मे महिन्यात शिक्षा. रेडिमेडचा जमाना यायचा होता. कापड बहुतेक घरांत आहेरातूनच यायचं. कोणाच्या तरी लग्नात आलेला पँटपीस ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत पडून असायचा, आणि कॉल लेटर आलं की तो टेलरकडे जायचा.

माझाही तसाच गेला. पँट तपकिरी, शर्ट फिकट पिवळा, बूट मामाचे, एक नंबर लहान. एका कार्यालयाच्या व्हरांड्यात तीन तास बसलो. पारा पंचेचाळिसाच्या पुढे. शेजारचा म्हणाला, "बूट चावून राहिला का भाऊ? काढून ठेव नं, नंबर आला का घालजो." काढले. नंबर पुकारला तेव्हा सुजलेला पाय आत जाईना. टाच दुमडून, बूट सपातासारखे ओढत मी साहेबांसमोर गेलो. काय विचारलं ते आठवत नाही, तो फटफट आवाज आठवतो.

बाईने काय घालायचं याची चर्चा मात्र फार वर्षं झालीच नाही, कारण उत्तर ठरलेलं होतं: गोल साडी. नव्वदीनंतर पंजाबी ड्रेस चालू लागला, तरी शिक्षिकेच्या मुलाखतीला साडीच, हे अनेक घरांत आजही न बोलता ठरतं. मग आयटीवाले आले आणि शर्ट-पँट आली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं: जीन्स-टीशर्ट नको, शुक्रवारी खादी, आणि कार्यालयात स्लीपर वापरायची नाही. जोडे काढा म्हणणाऱ्या सरकारपासून नीट पादत्राणं घाला म्हणणाऱ्या सरकारपर्यंत यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

मिहानच्या फाटकाशी तो पोट्टा तासाभराने बाहेर येतो. आत मुलाखत घेणारा टीशर्ट आणि स्पोर्ट्स शूजमध्ये होता म्हणे. हा हसत हसत बूट काढतो, पण थैलीत टाकत नाही. दोघांच्या बुटाचा नंबर आठच आहे, आणि दुसऱ्याला बारा वाजता आत जायचं आहे.