गाडी बदलावी लागली की प्रवासी तुटतो?

लाइट रेलचा, म्हणजे शहरातल्या हलक्या रेल्वेचा मार्ग वाढवताना प्रत्येक उपनगरातून प्रत्येक केंद्राकडे थेट गाडी हवी, कारण गाडी बदलावी लागली की प्रवासी दुरावतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. गाडी बदलण्याचा त्रास खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

तीन उपनगरे आणि तीन केंद्रे थेट जोडायची तर नऊ मार्ग लागतात. उपलब्ध गाड्यांत त्या प्रत्येकावर 24 मिनिटांनी एक गाडी सुटत असेल, तर प्रवाशाला सरासरी 12 मिनिटे थांबावे लागते. एका अदलाबदल स्थानकातून जाणारे तीनच मार्ग ठेवले, तर साधारण तेवढ्याच गाड्यांत दर 8 मिनिटांनी सेवा देता येते आणि दोनदा थांबूनही सरासरी प्रतीक्षा 8 मिनिटेच होते.

अर्थात, हा लाभ स्थानकाच्या रचनेवर अवलंबून असतो. समोरच्याच फलाटावर दुसरी गाडी मिळणे आणि जिने चढून, रस्ता ओलांडून पुन्हा तिकीट काढणे यांत फार मोठे अंतर आहे. लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे 1987 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे मध्यवर्ती टोक टॉवर गेटवे येथे होते. 1991 मध्ये ती ‘बँक’ नावाच्या स्थानकापर्यंत नेल्यावर शहराच्या मध्यभागी भुयारी रेल्वेशी तिची थेट सांधेजोड झाली.