गोबरगॅसच्या टाकीत मिथेन बनवणारे जीव बॅक्टेरिया नाहीत

गावाकडे ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना ती निळी ज्योत रोजचीच, पण तो मिथेन बनवतं कोण हे कधी बघितलंय का? शेण कालवून टाकीत सोडलं की आत हवा नसते, तिथं बॅक्टेरिया आधी शेणाचं विघटन करतात आणि शेवटचं काम, म्हणजे मिथेन बनवणं, ते मात्र आर्किया नावाचे दुसरेच जीव करतात, आणि मला ही गोष्ट फार म्हणजे फारच आवडते.

शाळेत आपण पंचसृष्टी शिकलो, व्हिटाकरने 1969 ला मांडलेली, मोनेरा प्रोटिस्टा कवक वनस्पती प्राणी. त्याच्याआधी लिनियसने 1735 ला सजीवांचे दोनच गट केले होते, वनस्पती आणि प्राणी, त्यामुळे अळंबी कितीतरी वर्षं वनस्पतीतच बसून राहिली. खरं तर तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं, आणि नात्याने ती मेथीपेक्षा आपल्याला जवळची आहे!

मोनेरात मात्र केंद्रक नसलेलं सगळंच एकत्र टाकलेलं, कारण मायक्रोस्कोपखाली सगळे सारखेच बारके ठिपके नाहीतर काड्या दिसतात, मग वेगळे ओळखायचे कसे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूझने वेगळाच रस्ता धरला. प्रोटीन बनवणारे रायबोसोम प्रत्येक पेशीत असतात, मग त्यांचा आरएनए घ्यायचा, एन्झाइमने त्याचे तुकडे करायचे आणि कोणाचे तुकडे कोणाशी जुळतात ते बघायचं, आणि हे हाताने, एकेका फिल्मवरचे ठिपके वाचत, वर्षानुवर्षं. मिथेन बनवणाऱ्या जीवांचा नंबर आला तेव्हा त्यांचे तुकडे बॅक्टेरियाशी जुळेचनात. 1977 ला त्याने आणि जॉर्ज फॉक्सने हे छापलं, बऱ्याच जणांना पटलं नाही, तरी 1990 ला त्याने सगळ्या सजीवांचे तीन मोठे गट मांडले, बॅक्टेरिया, आर्किया आणि केंद्रक असलेले आपण सगळे. आर्कियाच्या पेशीपटलातली चरबीसुद्धा वेगळ्या बांधणीची असते.

पुढे 2015 मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळाच्या गाळात लोकी नावाच्या आर्कियाचा डीएनए सापडला आणि त्यात चक्क आपल्यासारख्या पेशींमधली काही जीन्स निघाली, त्यामुळे आपल्या पेशी आर्कियाच्याच एका शाखेतून आल्या असं आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे टाकीतला तो मिथेनवाला दह्यातल्या बॅक्टेरियापेक्षा आपल्याला जवळचा.