उघड्यावरचा धूर: गोव्यातल्या बार-रेस्टॉरंटांमधील धूम्रपानबंदीची पार्श्वभूमी

गोव्याच्या किनाऱ्यावरचा शॅक, म्हणजे तात्पुरतं उभारलेलं बार-रेस्टॉरंट: छप्पर झावळ्यांचं, तीन बाजू उघड्या, पुढ्यात वाळू. तिथे सिगारेट पेटवणाऱ्याला वेटरने हटकलं की उत्तर ठरलेलं: "अरे, हे तर उघड्यावर आहे!" गिऱ्हाइकाचं चुकतं, पण ती चूक समजण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घालणाऱ्या २००३ च्या केंद्रीय कायद्याने 'सार्वजनिक जागे'च्या व्याख्येतून उघडी जागा वगळलेलीच आहे. ही फट बुजवली ती नियमांनी. पैसे घेऊन खायला-प्यायला देतात ती जागा म्हणजे रेस्टॉरंट, आणि तिच्या भोवतालची मोकळी जागाही त्यातच धरायची, असं २००८ चे नियम सांगतात. पब, बार, डिस्कोथेक, कँटीन, कॉफी हाऊस, सगळे त्यात नावानिशी आले. म्हणजे वाळूत मांडलेलं टेबलही सुटत नाही.

गोव्याला हा विषय दिल्लीने शिकवला असंही नाही. इथे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखूविरोधी चळवळ उभी केली होती आणि गोवा विधानसभेने १९९७ मध्येच धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा स्वतःचा कायदा केला. देशपातळीवर मोठा टप्पा आला २ नोव्हेंबर २००१ रोजी. काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, कोर्टकचेऱ्या, सरकारी कार्यालयं, सभागृहं आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनं धूरमुक्त करायला सांगितलं. त्या यादीत रेस्टॉरंट नव्हतं. बार तर नव्हताच.

ते आलं २००३ च्या कायद्याने, जो १ मे २००४ पासून लागू झाला. पण सोबत एक सवलतही आली: ३० खोल्यांचं हॉटेल किंवा ३० आणि त्याहून जास्त आसनांचं रेस्टॉरंट असेल, तर धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येईल. गोव्याच्या दृष्टीने हा आकडा फार बोलका आहे. गावातला जुना तवेर्न म्हणजे चार-पाच टेबलं, एक काउंटर, फेणीच्या बाटल्यांचं कपाट आणि बाहेर दोन बाकडी. त्याला ही सवलत कधीच लागू नव्हती. ती होती पंचतारांकित हॉटेलांसाठी आणि किनारपट्टीवरच्या मोठ्या जागांसाठी. त्यांनीही सुरुवातीला कोपऱ्यातली दोन टेबलं 'स्मोकिंग' म्हणून वेगळी काढली आणि काम झालं असं मानलं. धूर अर्थातच त्या दोन टेबलांवर थांबत नसे.

२ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. हॉटेल व्यवसाय आणि सिगारेट कंपनी दोघांनीही ते रोखायला पाहिलं, पण त्याआधी तीनच दिवस सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. आता 'जागा' म्हणजे खोली झाली: चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं दार, थेट बाहेर जाणारी हवा आणि बाकीच्या इमारतीपेक्षा आत कमी दाब. ती प्रवेशद्वारापाशी नको, आणि तिच्यात सिगारेट ओढण्याखेरीज दुसरं काही नको.

ही खोली कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात महाग. एका जुन्या अमेरिकी मानकात धूम्रपानकक्षासाठी माणशी मिनिटाला ६० घनफूट हवा धरली होती. १० बाय १० बाय १० फुटांच्या खोलीत आठजण उभे राहिले, तर मिनिटाला ४८० घनफूट, म्हणजे जवळपास दर दोन मिनिटांनी खोलीतली सगळी हवा बाहेर फेकायची. तेवढी हवा शेजारच्या हॉलमधून येणार, म्हणजे गार केलेली हवा बाहेर आणि तिच्या जागी गोव्याची दमट हवा आत. बिल वाढलं की मालक एक्झॉस्ट बंद करतो आणि आत स्प्लिट एसी लावतो. एसी तीच हवा फिरवत राहतो, धूर तिथेच. दुसरी नेहमीची गफलत दाराची: येणंजाणं सोयीचं व्हावं म्हणून खाली पाचर मारलेली असते, मग दाबाचा फरक शून्य. तपासायची युक्ती साधी आहे. दार मिटून बाहेरच्या बाजूने फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर खोली ठीक, तुमच्याकडे आला तर ती खोली नुसती नावाची.

मे २०१७ च्या दुरुस्तीने अशा जागेत कसलीही सेवा देण्यावर स्पष्ट बंदी आली आणि हुक्का पार्लरांचा आधारच गेला. जिथे पेग विकता येत नाही, त्या शंभर चौरस फुटांसाठी भाडं भरायचं कशाला? छोट्या मालकाने मग दारावर धूम्रपानबंदीचा ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावून मोकळं होणंच पसंत केलं. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर देणंही नियमात बसत नाही. शॅकमध्ये त्याऐवजी वाळू भरलेली करवंटी टेबलावर येते, पण तपासणीला आलेला माणूस काही त्याने फसत नाही.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण देशात २८.६ टक्के होतं, गोव्यात ९.७. बारमधला धूर बराचसा पाहुण्यांचा, हा निष्कर्ष मला तरी रास्त वाटतो. त्यातही ब्रिटिश पर्यटकाला इंग्लंडमधल्या पबांत जुलै २००७ पासूनच बाहेर जाऊन ओढायची सवय लागली होती. रशियात मात्र रेस्टॉरंटांमधली बंदी जून २०१४ मध्ये आली, तोवर रशियन पर्यटकांना इथे अडवलं की नवल वाटायचं.

दंड मात्र जुनाच, ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत. तक्रार होऊनही मालक-मॅनेजरने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्या माथी. २०२० च्या दुरुस्ती विधेयकाच्या मसुद्यात ही रक्कम २,००० करण्याचं आणि रेस्टॉरंटांतली धूम्रपानाची खोलीच काढून टाकण्याचं सुचवलं होतं.

खरी पंचाईत बाहेर गेल्यावर होते. गिऱ्हाईक सिगारेटसोबत ग्लासही घेऊन किनाऱ्यावर उतरतो, आणि गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिण्याला दंड आहे; २०१९ मध्ये तो एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये ठरवला होता. म्हणून जाणता वेटर सिगारेट हातात दिसली की आधी ग्लास मागून घेतो, कोस्टरवर टेबलाचा नंबर लिहून तो ग्लासावर झाकतो आणि काउंटरवर ठेवतो. बिल न देता कोणी सटकत नाही, आणि परत आलेल्याला आपलाच ग्लास मिळतो.