उताऱ्याचं गणित

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिठा आहे. काही वर्षांपूर्वी ३ जानेवारीच्या सकाळी तिथे द्रोणात दहीभात, हळदकुंकू लावलेलं लिंबू आणि नारळ दिसला. कुणीतरी उतारा टाकला होता. कुणी, ते दुपारपर्यंत गल्लीला कळलं. आमच्याच रांगेतल्या एका काकांनी ३१ डिसेंबरच्या रात्री मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. बेळगावात त्या रात्री सरत्या वर्षाचा पेंढा भरलेला पुतळा, ‘ओल्ड मॅन’, जाळतात, आणि तो पेटला की अशा शपथा बऱ्याच जण घेतात. पहिल्या दिवशी काकांचे हात थरथरत होते, अन्न जाईना. दुसऱ्या रात्री ‘भिंतीवर मुंग्या चढूलाल्यात’ म्हणत ते अंथरूण झटकत बसले आणि पहाटे वारलेल्या भावाशी बोलू लागले. बाहेरचं लागलंय, असं घरात ठरलं.

खरं तर जे चाललं होतं ते त्यांच्या मेंदूतच. आपल्या मेंदूत उत्तेजना वाढवणारं ग्लुटामेट आणि ती आवरणारं गाबा अशी दोन रसायनं एकमेकांना तोलून धरतात. दारू गाबाला जोर देते आणि ग्लुटामेटला दाबते. म्हणून दोन पेगांनंतर माणूस सैल पडतो. पण रोज, वर्षानुवर्षं दारू येत राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो, आवरणारी बाजू सैल करतो आणि उत्तेजनेची बाजू चढवून ठेवतो. डिसेंबरात आपल्याकडे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चढ चढतात, ते आठवा. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबून धरलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच ट्रॉलीची पिन तुटली तर ट्रॅक्टर उसळतो. दारू एकाएकी थांबली की मेंदूचं तसंच होतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो, ताप चढतो, नसलेलं दिसू लागतं. हा शेवटचा टप्पा उपचाराविना जीव घेऊ शकतो.

दारुड्याच्या भाषेतही ‘उतारा’ हाच शब्द आहे: सकाळी उठल्याबरोबर घेतलेला एक घोट. त्याने हात खरोखरच स्थिर होतात, कारण तुटलेली ट्रॉली पुन्हा जोडली जाते. तिठ्यावरच्या उताऱ्यापेक्षा या उताऱ्यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे, हे कबूल करावं लागतं. (शेताचा उतारा दुसऱ्याच्या नावावर चढतो तो या दोन्हींच्या नंतर.) डॉक्टर याच तत्त्वावर काम करतात, फक्त दारूच्या जागी डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं देऊन ती काही दिवसांत पायरीपायरीने उतरवतात. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब १ देतात, कारण सतत पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

एकदम सोडणं सगळ्यांनाच धोक्याचं असतं असं नाही. श्रावण पाळणारे शेकडो लोक महिनाभर बाटलीकडे बघत नाहीत आणि त्यांना काही होत नाही. पण श्रावणाच्या पहिल्या दोन दिवसांत ज्याचे हात कापतात, ज्याला सकाळचा उतारा लागतो किंवा ज्याला आधी कधी दारू थांबवल्यावर फिट आली आहे, त्याच्याकडून शपथ घ्यायच्या आधी डॉक्टर गाठायला हवा. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे निघाले आणि २.७ टक्के तिच्यावर अवलंबून. या अवलंबून असलेल्यांत ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाला होता. बाकीच्यांच्या वाट्याला शपथा, अंगारे आणि शिव्या येत असणार, असा माझा अंदाज.

‘उतरली’ हा शब्दही आपण फार घाईने वापरतो. कर्नाटकाने २००७ साली सारायी, म्हणजे पाकिटातली देशी दारू, बंद केली, पाकिटं गेली. पण काचेची बाटली घ्या नाहीतर नाइन्टीची कागदी डबी, आत इथेनॉलच असतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ते साधारण ४२.८ टक्के असतं, म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. ‘बिअर ही काय दारू आहे?’ म्हणणाऱ्यांनी ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली मोजून बघावी: ४० ग्रॅमच्या वर, चार पेग झाले. यकृत या इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट. हे काम ठरलेल्या गतीने चालतं. रक्तातली पातळी तासाला सरासरी १०० मिलीमागे १५ मिलिग्रॅमने उतरते, मग तुम्ही थंड पाण्याने आंघोळ करा, काळी कॉफी प्या की लिंबू चोखा.

आता ३१ च्या रात्रीचं गणित मांडू. सत्तर किलोच्या माणसाने रात्री नऊपासून मित्राबरोबर खंबा, म्हणजे ७५० मिलीची बाटली, अर्धा-अर्धा केला, तर त्याच्या वाट्याला ३७५ मिली, म्हणजे जवळपास १२५ ग्रॅम इथेनॉल येतं. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ढोबळ हिशेबाने तो त्या मर्यादेखाली येतो दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या पुढे. सकाळी आठला चहा पिऊन, ‘आता एकदम फ्रेश’ म्हणत चोर्ला घाटाने गोव्याला निघालेला माणूस वळणावळणाला नशेतच असतो. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच वजनाला आणि तेवढ्याच पेगांना पातळी आणखी वर जाते.

थंडीवर रम हाही आपला लाडका समज. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फैलावतात, ऊब वाटते, आणि त्याच वाटेने शरीरातली उष्णता बाहेर जाते. जांबोटीकडच्या शेतात शेकोटी विझल्यावर उघड्यावर झोपलेल्याची थंडी रमने वाढते. शिवाय पोटात शिल्लक असलेली दारू झोपेतही रक्तात चढत राहते. म्हणून आडवा झालेला मित्र ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणून सोडायचा नसतो. त्याला कुशीवर वळवायचं, जवळ बसायचं, तोंडात ताक-बिक काही ओतायचं नाही. हाक मारून, चिमटा काढून जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर १०८.

खरी पंचाईत सोडू पाहणाऱ्याची. तळलेल्या बांगड्याचा वास, ग्लासवर ग्लास आपटल्याचा आवाज, तेच चार मित्र: या खुणांशी मेंदूने दारूची गाठ घालून ठेवलेली असते आणि त्या दिसल्या की तलफ उठते. ती लाटेसारखी चढते आणि थोडा वेळ काढला तर ओसरते. नेमक्या त्याच वेळात आपला आग्रह कानावर येतो: ‘एवढं घे की रे, माझ्यासाठी.’ जेवणात आग्रह करावा, मांडे वाढताना तर करावाच, ग्लासात नको. हातात आधीच भरलेला सोडा असला की विचारणाराही सहसा विचारत नाही, म्हणून तो ग्लास आपणच पुढे करावा.

घरच्यांची घाई वेगळीच असते. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीवर रंगवलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. पुडीत काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. ते डायसल्फिराम असेल, तर ॲसिटाल्डिहाइड मोडणारं विकरच ते बंद पाडतं. वरून दारू प्यायली की ते विष साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून दिलं तर हे औषध उपयोगी आहे. आमटीत गुपचूप टाकलेलं मात्र हृदयविकार असलेल्याला मारू शकतं.

याहून साध्या गोष्टींनी जास्त काम होतं. १९९९ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात उपचाराला नकार देणाऱ्या मद्यपींच्या घरच्यांनाच शिकवलं: बोलायचं ते शुद्धीत असताना, न पिता गेलेल्या संध्याकाळी जवळ बसायचं, प्यायल्यावर भांडत बसायचं नाही, आणि त्याने घातलेला गोंधळ आपण निस्तरायचा नाही. ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून घेरून जाब विचारायच्या पद्धतीने ३० टक्केच आले होते. घाटाखाली गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी घातक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकी बोलून पाहिलं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निकाल आले: तीन महिन्यांनी ३६ टक्क्यांचं पिणं आटोक्यात आलं होतं, नेहमीच्या उपचारांत २६ टक्क्यांचं. फरक दहाच टक्क्यांचा वाटेल, पण खर्चही गप्पांएवढाच. बोलायला कुणी नसेल तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे सरकारी फोन आहेत.

काकांना त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मेहुण्याने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी ते परतले तेव्हा फार वाळले होते, पण मुंग्या गेल्या होत्या. पुढच्या ३१ ला पुतण्याने त्यांच्यापुढे लिंबू-सोड्याचा ग्लास आधीच भरून ठेवला. साडेनऊला ताटं वाढली, आणि बाराला ओल्ड मॅन पेटला तेव्हा काका झोपले होते.