गट नंबर आला, बांध मात्र होता तिथेच राहिला

हद्द कायम करण्याची मोजणी आली की भूकरमापकाला, म्हणजे सरकारी मोजणीदाराला, आजही जुनं टिपण (शेताच्या मापांचा मूळ कागद) लागतं. हातात उपग्रहावरून स्थान घेणारा रोव्हर असला तरी हद्द जुळवायची ती त्या कागदाशी, आणि पुष्कळ गावांत तो कागद शतकापूर्वीचा. गेल्या काही वर्षांत मोजणीची यंत्रं झपाट्याने बदलली, तसा नकाशा आणि वहिवाट (प्रत्यक्ष ताबा) यांतला फरक ठळक दिसू लागला. या फरकाचं मूळ शोधायचं, तर हे नकाशे कशासाठी काढले गेले हे आधी पाहावं लागतं.

दख्खनमध्ये जमीन मोजण्याची रीत इंग्रजांच्या बरीच आधीची. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी ठरली होती, आणि काठीपासून पांड, बिघा, १२० बिघ्यांचा चावर असा हिशेब चढत जाई. पण ती मोजणी वहीतल्या आकड्यांची. प्रत्येक शेताची आकृती काढून जपण्याचा रिवाज पडला तो एकोणिसाव्या शतकात.

पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आतच पुणे जिल्ह्यात कंपनी सरकारने पहिली मोठी मोजणी सुरू केली. खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असं सूत्र होतं. ते निव्वळ उत्पन्न काढायचं कसं, याचा हिशेब इतका किचकट झाला की तो खालच्या कारकुनांच्या हाती गेला, आणि त्यांनी लाच घेऊन आकडे फिरवले. आकारणी झेपेना म्हणून इंदापूर तालुक्यात शेतकऱ्यांनी जमिनी पडीक टाकल्या. १८३५ मध्ये तिथेच फेरमोजणी हाती घेतली गेली. या वेळी काम पाहणारे दोघे होते, एक मुलकी अधिकारी आणि एक सैन्यातला इंजिनिअर. त्यांनी उत्पन्नाचा अंदाज बांधणं सोडलं आणि जमिनीची प्रत बघून तुलनेने दर ठरवले. ठरलेले दर ३० वर्षांपर्यंत बदलायचे नाहीत, अशी हमीही दिली. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात पक्के झाले. आजचे आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंदवही), टिपण, गुणाकार बुक (क्षेत्राच्या हिशेबाची वही) हे सगळं त्याच रचनेतून आलेलं आहे.

त्या मोजणीचं साधन होतं शंकू-साखळी. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ भाग म्हणजे आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. टिपणावर शेताचं प्रमाणशीर चित्र नसतं. एक मुख्य रेषा, तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतची लंबांतरं आणि बाजूला साखळ्या-आण्यांचे आकडे, एवढाच मजकूर. प्रतबंदी (जमिनीची प्रत ठरवण्याचं काम) करणारा शेताचे आडवेउभे भाग पाडून प्रत्येक भागात माती किती हात खोल आहे ते बघायचा, रंगावरून वर्ग ठरवायचा, आणि चुनखड, चोपण किंवा उतार असेल तर त्याची खूण करून प्रत खाली आणायचा. सगळ्यात चांगली जमीन १६ आण्यांची, तिथून उतरत दोन आण्यांपर्यंत. मातीकडे इतक्या बारकाईने पाहणारी नोंद आपल्याकडे पुन्हा क्वचितच झाली, हे मान्य करावंच लागेल.

पण नोंद कशाची होती, हा खरा मुद्दा. सर्व्हे नंबर हा एका बैलजोडीने कसता येईल एवढा तुकडा धरला होता. हलक्या जिरायतीत वीसेक एकर, भारी जमिनीत बारा, भातखाचरात चार. म्हणजे हद्द आखली ती सारा गोळा करण्याच्या सोयीने. एका नंबरात चार भाऊ कसत असले तरी नकाशावर रेषा एकच. पोटहिस्से मोजून दाखल करण्याचं काम विसाव्या शतकात सुरू झालं आणि ते कुठेही पुरतं झालं नाही. गावठाणावर सारा नव्हता, त्यामुळे गावाच्या नकाशात घरांची वस्ती सरसकट एकाच ठिपक्यात आली. आणखी एक गोष्ट सोयीसाठीच राहिली. १८०२ मध्ये मद्रासेजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण, म्हणजे देशभर त्रिकोणांचं जाळं टाकून करायची मोजणी, सुरू झालं होतं, पण शेतांची ही मोजणी त्या जाळ्याला बांधली नव्हती. दोन शेजारी गावांचे नकाशे कडेला कडा लावून ठेवले तर मध्ये फट राहते किंवा एकावर एक चढतात, त्याचं कारण इथे आहे.

स्वातंत्र्यानंतरचा सगळ्यात वादग्रस्त निर्णय एकत्रीकरणाचा. १९४७ च्या कायद्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. ठरावीक क्षेत्राखाली तुकडे पाडायचे नाहीत, आणि विखुरलेले तुकडे अदलाबदल करून एका जागी आणायचे. हेतूत खोट नव्हती. पाच ठिकाणी पसरलेल्या तीन एकरांत विहीर कुठे पाडायची, हा प्रश्न त्या काळी घरोघर होता. पंजाब-हरियाणात हीच कल्पना यशस्वी झाली. पण तिथे जमीन सपाट, कालव्याचं पाणी सगळीकडे आणि शेतं चौकोनी पाडता येण्यासारखी. आपल्याकडे एकाच गावात नदीकाठची काळी आणि माळावरची बरड असते, आणि विहीर एकाच्याच वाट्याला आलेली असते. त्यांची अदलाबदल एकरास एकर कशी व्हावी?

तरीही योजना राबवली गेली. सर्व्हे नंबर जाऊन एकत्र केलेल्या नव्या तुकड्यांचे गट नंबर आले आणि सातबारे नव्याने लिहिले गेले. घोटाळा झाला तो इथे. बऱ्याच गावांत नवे गट जुन्या टिपणांवरून आणि खातेदारांच्या जबाबांवरून कागदावरच जुळवले गेले. शेतात साखळी पडली नाही, नवी हद्द जागेवर दाखवली गेली नाही. शेतकरी आपल्या जुन्या बांधावर राहिला. कागदावर तो शेजारच्या गटाचा मालक झाला, आणि हे त्याला कळलं कर्ज काढताना, विकताना किंवा वाटणी करताना. मोजणी वगळण्याचं समर्थन मनुष्यबळाच्या तुटवड्याने केलं जातं. ते पटण्यासारखं नाही. हद्द बदलणारी योजना हद्द न मोजता पूर्ण झाली असं म्हणताच येत नाही.

चूक दुरुस्तीची तरतूद कायद्यात होती. पण योजना कायम होऊन वीस-तीस वर्षं उलटल्यावर ती वापरता येईल का, यावर खटले झाले आणि कोर्टाने वाजवी मुदत साधारण तीन वर्षांची धरली. ज्याला चूक तिसाव्या वर्षी समजली त्याने काय करायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. पुढे योजना थांबवली गेली, गट नंबर मात्र राहिले. कोकणात बहुतेक गावांत अजूनही सर्व्हे आणि हिस्सा नंबरच चालतो. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी (जिथे सारा गावचा मालगुजार भरायचा त्या) गावांची कागदपत्रं तर मुळातच वेगळ्या वळणाची.

२०२३ च्या जानेवारीत आलेली सलोखा योजना याच गुंत्यावरचा उपाय आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी स्थिती किमान १२ वर्षं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी एवढाच खर्च. वहिवाट खरी धरून कागद तिच्यामागे आणणारं हे धोरण जुन्या दृष्टीच्या नेमकं उलट आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. अट एवढीच की दोघेही राजी हवेत. ज्याच्या वाट्याला रस्त्याकडेचा तुकडा आला, तो सहसा राजी होत नाही.

गावठाणांचं राहून गेलेलं काम ड्रोनने सुरू झालं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आधी प्रयोग झाला, आणि २०२० मध्ये देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर झाली. घराला पहिल्यांदाच स्वतःचा नकाशा आणि मालमत्ता पत्रक मिळू लागलं. २०२१ मध्ये केंद्राने नकाशे व स्थानविषयक माहितीवरचे जुने परवाने काढून टाकले, तेव्हा खासगी मोजणीलाही वाट मोकळी झाली.

शेतांच्या बाबतीत मात्र अडचण कायम आहे. रोव्हर कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश सेंटिमीटरच्या अचूकतेने देतो. जुनी टिपणं आणि गटांचे नकाशे स्कॅन होऊन संगणकावर आले, पण मूळ आकृतीच चुकलेली असेल तर तीच चूक आता पडद्यावर दिसते. वाद झाला की निमताना मोजणी (आधीच्या मोजणीवरची अपिलातली फेरमोजणी) मागावी लागते, आणि तिथेही ताळमेळ घ्यायचा तो जुन्या अभिलेखाशी. गावच्या गाव नव्याने मोजून, सगळ्या खातेदारांसमोर हद्दी दाखवून, हरकती ऐकून मग नकाशा कायम करणं हा मार्ग लांबचा आणि खर्चाचा आहे. एकत्रीकरणाच्या वेळी टाळलं गेलेलं काम हेच होतं.