शिकाऊ उमेदवार नेमायचा आहे? सोलापूरच्या कारखानदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, ‘कामगार पाहिजेत’ची पाटी फाटकावर बारमाही लटकलेली असते. माणसं येतातही. पण रॅपियर लूमचं, म्हणजे आधुनिक यंत्रमागाचं सेटिंग जमणारा जॉबर (माग लावून देणारा कारागीर) किंवा मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा फिटर पाटी वाचून येत नाही. तो कारखान्यातच घडवावा लागतो. त्याची कायदेशीर वाट शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये आहे आणि विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकार राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून, म्हणजे ‘नॅप्स’मधून उचलतं.

आधी तुमचा कारखाना यात कुठे बसतो ते पाहा. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. मोजणीत कंत्राटी कामगारही धरायचे असतात आणि बहुतेकांची चूक इथेच होते. पगारपत्रकावर २६ जण आहेत म्हणून मालक निर्धास्त असतो, पण पॅकिंग आणि हमालीचे १४ जण ठेकेदाराचे असतात. एकूण ४० झाले, म्हणजे कायदा लागू झाला. उमेदवारांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ठेवावी लागते. ४० जणांवर किमान १ आणि जास्तीत जास्त ६. ६० जणांवर २.५ टक्के म्हणजे दीड, तेव्हा किमान २ धरा. कमाल ९.

उमेदवाराचं वय किमान १४ पूर्ण हवं, धोकादायक उद्योगात १८. नॅप्सचा सरकारी वाटा ३५ वर्षांपर्यंतच्या उमेदवारांना मिळतो. ब्लीचिंग आणि रंगाईत रसायनं हाताळायची असतील तर १८ च्या आतला मुलगा किंवा मुलगी घेऊच नका. शिक्षणाची अट ट्रेडवर, म्हणजे कोणतं काम शिकायचं त्यावर ठरते. फिटर, इलेक्ट्रिशियन असे नियत, म्हणजे सरकारने अधिसूचित केलेले ट्रेड आयटीआय झालेल्यांसाठी सोयीचे पडतात, कारण त्यांना मूलभूत प्रशिक्षण पुन्हा द्यावं लागत नाही. लूम चालवणं, टॉवेलची शिलाई, तपासणी अशा कामांसाठी ऐच्छिक, म्हणजे कंपनीने स्वतः ठरवलेल्या ट्रेडचा पर्याय आहे. त्याची मुदत ६ महिने ते ३६ महिने असू शकते. पदविका आणि पदवीधारकांसाठी ‘नॅट्स’ ही वेगळी योजना, वेगळं पोर्टल. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही तर राज्याची स्वतंत्र योजना आहे. तिच्यातला प्रशिक्षणार्थी या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार ठरत नाही, त्यामुळे दोन्हींच्या याद्या वेगळ्या ठेवा.

अर्ज अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होतो. कारखान्याच्या नोंदणीला बसण्याआधी पॅन, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, कारखाना परवाना, पीएफ व ईएसआयचे कोड, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि अधिकृत व्यक्तीचं आधार हाताशी असू द्या. मोबाइल आणि ईमेल कंपनीचाच द्या. एचआरमधल्या कुणाचा स्वतःचा नंबर दिला आणि तो नोकरी सोडून गेला, तर ओटीपीही त्याच्यासोबत जातो.

उमेदवाराला आधार, आधारशी जोडलेला मोबाइल, दहावी-बारावी किंवा आयटीआयची गुणपत्रिका, फोटो, असल्यास जातीचा दाखला आणि आधार-संलग्न बँक खातं लागतं. १८ वर्षांखालच्या उमेदवाराच्या करारावर पालकाची सही लागते. सगळ्यात जास्त अर्ज नावापाशी अडतात. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांत तर जोडाक्षराचा घोळ ठरलेला: ‘बोल्ली’ला एका कागदावर इंग्रजीत दोन ‘एल’, दुसऱ्यावर एकच. दोन कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा आणि फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. बँकेत खातं आहे एवढ्यावरही थांबू नका. सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो, म्हणून ते खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे त्याला शाखेत जाऊन विचारायला सांगा.

कागद जुळले की कंपनी ट्रेड आणि जागा पोर्टलवर टाकते, उमेदवार नोंदणी करून अर्ज करतो, कंपनी निवड करून करार तयार करते आणि उमेदवार तो ऑनलाइन मान्य करतो. कराराचा तपशील ७ दिवसांत पोर्टलवर भरावा लागतो. उमेदवाराचा जुना करार दुसऱ्या कंपनीत उघडाच राहिला असेल तर नवा अडतो, तेव्हा निवडीच्या वेळीच ते विचारा. नियत ट्रेडसंबंधी अडचण आली तर विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमधल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे बीटीआरआयमध्ये जा.

करार नोंदला जाण्याआधी मुलाला मशीनवर उभं करू नका. ‘कागद होत राहतील, तू उद्यापासून ये’ हे वाक्य फार महागात पडतं. नोंदलेला शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणार्थी असतो, त्याला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही. करार नसलेला मुलगा मात्र साधा कामगारच. त्याचं बोट मागाच्या फणीत सापडलं तर पीएफ-ईएसआयसकट सगळी जबाबदारी कामगाराची म्हणून तुमच्यावर येते. आणि त्या आधीच्या महिन्यांचा सरकारी वाटाही मिळत नाही.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९ च्या नियमांनी ठरवले ते असे: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी आणि आयटीआय ७,०००. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ. दर सुधारले जातात, म्हणून करार करताना पोर्टलवर त्या दिवशीचा दर पाहूनच रक्कम टाका. नॅप्समध्ये सरकारचा वाटा २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५००. सात हजारांचे २५ टक्के १,७५० होतात, तरी मिळणार १,५००. उरलेले ५,५०० कंपनीचे. पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यावेत, तेही बँकेतूनच. रोख दिलेला पैसा पोर्टलला दाखवता येत नाही आणि उमेदवाराचा सरकारी हप्ता अडकतो.

सोलापुरासाठी या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम १३ आहे. शिकाऊ उमेदवाराला पीस रेटवर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादन बोनसच्या योजनेतही ओढता येत नाही. इथे विणकराची मजुरी नगावर किंवा मीटरवर ठरते, त्यामुळे शिकाऊ मुलालाही तोच हिशोब लावायची सवय आहे. हे बेकायदेशीर तर आहेच, पण त्यामुळे शिकणंही मरतं. नगामागे धावणारा मुलगा लूम थांबली की बटण दाबून पुन्हा सुरू करतो. ती का थांबली, हे पाहायला त्याला वेळच नसतो. ताण्याचा (उभा) धागा तुटून ड्रॉप पिन, म्हणजे धागा तुटला की खाली पडून लूम थांबवणारी पट्टी पडली असेल, तर तो धागा ड्रॉप पिन, हील्ड (धागा वर-खाली करणारी तार) आणि फणी या क्रमाने नेमक्या जागेतून ओढून गाठ मारायची असते. एक घर चुकलं तर टॉवेलभर उभी रेघ येते आणि माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात जातो. टेरीत, म्हणजे लूप असलेल्या टॉवेलच्या कापडात तर पाइलचा, म्हणजे लूपच्या धाग्याचा बीम वेगळा. त्याचा ताण बिघडला की लूप कमी-जास्त उंचीचे येतात. हे हात धरूनच शिकवावं लागतं. एका जॉबरकडे दोनच मुलं द्या आणि शिकवणारा हजर नसेल त्या पाळीत त्यांना लावू नका. जादा वेळ काम तर कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या मंजुरीशिवाय देताच येत नाही.

रोज काय शिकवलं याची वही ठेवा, जॉबरची सही घ्या. परीक्षेच्या वेळी हजेरी आणि ही वहीच कामी येते. नियत ट्रेडची अखिल भारतीय परीक्षा होते, ऐच्छिक ट्रेडचं मूल्यमापन बहुधा क्षेत्र कौशल्य परिषदेकडून. मुदत संपल्यावर उमेदवाराला नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही, पण त्यांना सामावून घेण्याचं धोरण मात्र कंपनीने ठरवलेलं असावं लागतं. ते करार करतानाच लेखी द्या: किती जागा, कोणत्या निकषावर, किती पगार. बाराव्या महिन्यात शेजारचा कारखाना पाचशे रुपये जास्त सांगतो, तेव्हा मुलाच्या हातात तुमचा हा कागद असलेला बरा.